बर्फाशिवाय स्लेज डॉग: पुण्याजवळच्या डोंगरात पाहुण्यांना कुत्र्यांसोबत चालवायचं असेल तर

नॉर्वेत ट्रॉम्सोजवळ स्लेज डॉगच्या, म्हणजे बर्फावर घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या, एका केनेलमध्ये मी एक हिवाळा काम केलं. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. डोक्याला दिवा बांधून सकाळी कुत्र्यांची विष्ठा उचलायची, कोमट पाण्यात मांसाचं सूप मिसळून पाजायचं, हार्नेस, म्हणजे ओढण्यासाठी अंगावर बांधायचे पट्टे, चढवायचे आणि पाहुण्यांची बस आली की त्यांना घसरगाडीवर उभं राहायला शिकवायचं, हा दिनक्रम. पुण्याला परतल्यावर तीन हिवाळे वेल्ह्याच्या बाजूला तेच काम इथल्या मातीवर, इथल्या कुत्र्यांसोबत करते आहे. आता महिन्यातून दोनतीन जण तरी विचारतात, "आमचं मुळशीला फार्महाउस आहे, आम्हालाही सुरू करता येईल का?" येईल. कसं, ते एकदा सविस्तर लिहून ठेवते.

पाहुण्यांना नेमकं काय देणार

बर्फावरच्या सहलीत चार ते सहा कुत्री एक गाडी ओढतात. सर्वांत पुढे वाट धरणारे म्होरके, त्यांच्यामागे वळणावर साखळी फिरवणारे, मग मधली फळी आणि गाडीला लागून सर्वांत दणकट जोडी. पाहुणा मागे फळीवर उभा राहतो, पायाने ब्रेक दाबतो. हे सगळं शक्य होतं, कारण बर्फावर घर्षण कमी असतं, ब्रेकचे दात बर्फात रुततात आणि थांबल्यावर लोखंडी नांगर रोवून गाडी अडकवून ठेवता येते.

सह्याद्रीत यातलं काहीच नाही. म्हणून चाकाच्या गाडीचा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्या. युरोपात कोरड्या जमिनीवर तीनचाकी गाड्यांच्या आणि सायकलच्या शर्यती होतात, पण त्या सपाट, रुंद जंगलरस्त्यांवर आणि सरावलेल्या माणसांच्या हाती. आपल्या मुरमाड उतारावर नवख्या माणसाला चाकावर बसवून पुढे कुत्रे जुंपणं म्हणजे दोघांचाही जीव टांगणीला लावणं.

इथे जमतं ते चालणं. पाहुण्याच्या कमरेला रुंद पट्टा, त्याला ताण घेणारी लवचीक दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला हार्नेस घातलेला एकच कुत्रा. कुत्रा पुढे ओढतो, माणूस मागून चालतो, चढावर ती ओढ कमरेला जाणवते. पळत केलं तर याला कॅनिक्रॉस म्हणतात. पाहुण्यांसाठी मी पळणं ठेवलेलंच नाही. तीन ते चार किलोमीटरची वाट, दीड तास, चार पाहुणे. एका पाहुण्याला दोन कुत्री कधीच देऊ नका, त्याने कितीही आग्रह केला आणि तो कितीही धिप्पाड असला तरी.

उन्हाळा, पावसाळा आणि उरलेले तेरा आठवडे

या कामाचं सगळं गणित तापमानावर उभं आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी वाफेत घालवतो आणि तेवढाच गार होतो. हवेत आधीच दमटपणा असेल तर ती वाफ नीट होत नाही. त्यामुळे नुसता पारा बघून चालत नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी हीच चूक केली. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, आदल्या दिवशी अवकाळी सर पडून गेलेली, आभाळ भरलेलं, ऊन अजिबात नाही. मला वाटलं, छान गार आहे. पारा वीसच्या जरा वर होता. पाऊण तासात तिखट नावाचा माझा सर्वांत हौशी कुत्रा मागे रेंगाळायला लागला. त्याची जीभ चमच्यासारखी पसरली होती, हिरड्या गडद लाल झाल्या होत्या. ओढ्यावर नेऊन गार केला, तो वाचला, पण पुढचे दोन आठवडे त्याला कामाला लावला नाही. त्या सकाळी तो थांबण्याची खूण करत होता आणि मी पाहुण्यांचा वेग सांभाळत होते. तेव्हापासून आकडे लिहून भिंतीवर लावले आहेत.

सुरुवातीच्या जागी, जमिनीपासून कुत्र्याच्या छातीइतक्या उंचीवर मोजलेलं तापमान १५ अंशांपर्यंत असेल तर पूर्ण वाट. १५ ते १८ मध्ये निम्मी वाट. १८ च्या पुढे ओढणं बंद, कुत्रे नुसते सोबत चालतात. २० ला पाहुण्यांना सांगायचं, आज नाही. हवा दमट असेल तर प्रत्येक पायरी तीन अंशांनी खाली आणायची. हे माझे आकडे आहेत, माझ्या कुत्र्यांवरून ठरवलेले. तुमचे कुत्रे जाड केसांचे असतील तर आणखी कडक ठेवा.

या हिशेबाने हंगाम उरतो नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे तेरा आठवडे. ऑक्टोबर हीटमध्ये सुरुवात करण्याचा मोह आवरा. पावसाळ्यात डोंगर कितीही हिरवे दिसले तरी निसरड्या वाटा, गोचिडी आणि साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस यांमुळे कुत्र्यांसाठी तो काळ विश्रांतीचाच. पुणेकरांच्या मनात मात्र आपल्या थंडीविषयी मोठा अभिमान असतो. १७ जानेवारी १९३५ ला शहराचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, पण तशा थंडीवर धंदा उभा राहत नाही. सिमला ऑफिसचा, म्हणजे हवामान खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयाचा, अंदाज आदल्या संध्याकाळी बघाच, मात्र निर्णय पहाटे जागेवरच्या पाऱ्यावर घ्या.

एक गोष्ट मला उशिरा कळली. निरभ्र रात्री गार हवा जड होऊन दरीत उतरते. त्यामुळे पहाटे माथ्यापेक्षा दरीचा तळ जास्त थंड असतो, कधीकधी दोनतीन अंशांनी. पाहुण्यांना सूर्योदय माथ्यावरून बघायचा असतो, पण कुत्र्यांसाठी वाट दरीतून सुरू करा आणि माथा विसरा.

कुत्रे कुठले

पहिला प्रश्न हमखास हस्कीचा येतो. पुण्यात हस्की पुष्कळ आहेत. फ्लॅटमध्ये, एसीच्या खोलीत, दिवसाला दोनदा सोसायटीभोवती फेरी. त्यांच्या अंगावर दुहेरी केसांचा कोट असतो आणि तो उणे तापमानासाठी असतो. ट्रॉम्सोला माझी कुत्री उणे दहा-पंधराला खुशीत असत, शून्याच्या वर पारा गेला की त्यांचा वेग आपोआप पडायचा. त्यांना १५ अंशांत चढावर ओढायला लावणं मला पटत नाही. माझ्याकडे एक हस्की आहे, पिंपरीच्या एका कुटुंबाला सांभाळणं जमेना म्हणून घेतलेली. ती सकाळी पाहुण्यांचं स्वागत करते, हुंकारते, फोटोत येते आणि परत सावलीत जाते. हार्नेस तिला घातलेला नाही.

कामासाठी आपले देशी कुत्रे. आखूड केस, सडपातळ बांधा, १८ ते २५ किलो वजन, उन्हापावसाला सरावलेले. माझी सगळी कामाची कुत्री गावातून किंवा बचाव करणाऱ्यांकडून आलेली आहेत. कारवान आणि मुधोळ हाउंड दिसायला देखणे आणि पळायला वेगवान, पण ते नजरेने शिकार करणारे. समोरून ससा किंवा कोंबडी गेली की पाहुण्यासकट जातील. बसक्या नाकाचे पग, बुलडॉग, बॉक्सर यांचा विचारही करू नका, त्यांना श्वासच पुरत नाही.

निवडताना जात बघू नका, ओढ बघा. मोकळ्या मैदानात हार्नेस घालून मागे दोरीला एक जुनं टायर बांधा, छोटं, स्कूटरचं. काही कुत्री बावरून बसतात, काही मागे वळून बघत राहतात आणि काही मान खाली घालून टायर नेत सुटतात. ही तिसरी तुमची. उरलेल्यांना जबरदस्तीने शिकवता येतं, पण त्यांना ते आवडत नाही आणि पाहुण्यालाही ते दिसतं.

हाडं पूर्ण वाढण्याआधी ओढायला लावू नये. मी दीड वर्षाच्या आत फक्त हार्नेसची सवय करते. दुसरी कसोटी अनोळखी माणसाची. डोळ्यांत बघून अंगावर वाकणारा, जोरात हसणारा, टोपी-गॉगल घातलेला माणूस खपवून घेणाराच कुत्रा पाहुण्याच्या हाती द्या. एखादा कुत्रा कितीही छान ओढत असला तरी अनोळखी हाताला गुरगुरत असेल तर त्याला तुमच्यासोबत वाट दाखवायला पुढे ठेवा.

चार पाहुण्यांना चार कुत्री लागतात, म्हणून सहा तयार हवीत. कुणाचा पंजा दुखतो, कुणी माजावर येते, कुणाचं पोट बिघडतं. दोन सोडून एकच राखीव ठेवलीत तर दमलेल्याला ओढायला लावण्याची वेळ तुमच्यावर येणारच.

हार्नेस आणि दोरी

गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या पाठीवर पट्ट्यांची फुली असते आणि ओढ शेपटीच्या बुडाशी जाते, कारण गाडी खाली जमिनीला लागून असते. माणसाची कंबर वर असते. तोच हार्नेस वापरला तर तो मागून वर उचलला जातो आणि पुढे गळ्यावर चढतो. म्हणून छातीपाशी संपणारा आखूड हार्नेस घ्या, ज्याची ओढ बरगड्यांच्या मागच्या टोकापाशी येते. बसवताना तीन गोष्टी तपासा. गळ्याची कड श्वासनलिकेवर न येता छातीच्या हाडावर बसली पाहिजे, पुढचे खांदे मोकळे फिरले पाहिजेत आणि प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सपाट शिरली पाहिजेत. काखेत केस घासले गेलेले दिसले तर त्या दिवशी तो कुत्रा सुट्टीवर.

तयार हार्नेस बाहेरून मागवता येतात, पण ते जाड केसांच्या कुत्र्यांच्या मापाचे असतात आणि देशी कुत्र्याच्या खोल छातीवर नीट बसत नाहीत. मी एक मागवला, त्यावरून कागदाचा नमुना कापला आणि ट्रेकिंगच्या सॅक शिवणाऱ्या एका कारागिराकडून सहा शिवून घेतले. आतून मऊ अस्तर, बाहेरून नायलॉनची पट्टी. पितळी हुक, कड्या, दोऱ्या रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतात. हुक घेताना दुकानातच दहावीस वेळा उघडबंद करून बघा. खिटी अडकते का ते तिथेच कळतं.

कमरेचा पट्टा पोटावर न ठेवता नितंबांच्या हाडावर बसला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाहुण्याची पाठ धरते. मांड्यांभोवती पट्टे असलेला प्रकार घ्या म्हणजे तो वर सरकत नाही. दोरी ताणल्यावर दोन मीटर भरावी, त्यातला काही भाग लवचीक हवा. आणि पट्ट्यापाशी एका हाताने, ताण असतानाही सुटणारी कळ हवी. बर्फावर आम्ही पाहुण्यांना बजावायचो, काहीही झालं तरी गाडी सोडायची नाही. इथे उलट शिकवायचं. घसरलात, झाडात अडकलात, समोर गुरं आली तर कळ ओढायची, कुत्र्याला आम्ही पकडू. ही कळ निघण्याआधी प्रत्येक पाहुण्याकडून तीनदा ओढून घेते, ताण देऊन.

बोली

बर्फावरच्या मंडळींचे शब्द ठरलेले आहेत. 'हाइक' म्हणजे निघा, 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे, 'व्हो' म्हणजे थांबा. आवाज एकमेकांपासून वेगळे आणि आखूड आहेत हे त्यांचं वैशिष्ट्य. मी आधी 'चल' ठेवलं होतं. पाहुणे एकमेकांना सतत 'चल चल' म्हणतात आणि कुत्री निघून जातात. आता निघायला 'हुप', थांबायला 'बस्स', वळायला 'डावं' आणि 'उजवं', आणि समोरचं शेण, कोंबडी, दुसरा कुत्रा सोडून पुढे जायला 'सोड'. यातलं 'सोड' सर्वांत महत्त्वाचं आणि शिकवायला सर्वांत जास्त वेळ घेणारं. सहा महिने धरा. पाहुण्याने हाक दिली आणि कुत्र्याने ऐकलं नाही तर पाहुण्याने दोरी खेचायची नाही, सोबतचा माणूस पुढे येतो. हा नियम मोडला की कुत्र्याला दोन बोली शिकाव्या लागतात.

वाट कशी धरायची

गड घेऊ नका. सिंहगड, राजगड, तोरणा शनिवार-रविवारी माणसांनी भरलेले असतात, पायऱ्या आणि कातळ कुत्र्यांच्या पंजांना सोलतात, वर माकडं आणि खाऊच्या पिशव्या. अभयारण्यातून वाट काढू नका. भीमाशंकर असो की ताम्हिणी, पाळीव कुत्रे तिथे रोग नेतात आणि वन्यजीवांच्या मागे लागतात. परवानगीचा प्रश्न येण्याआधीच तिथून बाजूला व्हा.

मातीची, बैलगाडीच्या रुंदीची, दोन बाजूंना झाडोरा असलेली, मध्ये एकदोनदा पाणी लागणारी वाट शोधा. शक्यतो गोल, म्हणजे परतताना समोरासमोर गाठ पडत नाही. मग ती वाट आठवडाभर रोज पहाटे एकटं चाला. कुणाची गुरं किती वाजता निघतात, कुठल्या वस्तीची कुत्री अंगावर येतात, धनगरांचा वाडा कुठे बसला आहे, हे सगळं वहीत लिहा. वाटेत ज्यांची शेतं येतात त्यांच्याशी आधी बोला. मी ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं, दोन शेतमालकांना हंगामाचं भाडं देते आणि गावातलीच दोन मुलं सोबतीला घेते. कुठल्या झुडपात रानडुकरासाठी तारेचा फास लावलेला असतो हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

उतारावर कुत्र्याने ओढलं तर माणूस तोंडावर पडतो. उतार लागला की हुक कमरेवरून काढून सोबतच्या माणसाकडे द्यायचा, हे ठिकाण वाटेवर दगडाला चुना लावून पक्कं करा. म्हणजे पाहुण्याला ते माझ्या लहरीवर चाललंय असं वाटत नाही.

आता कुसळं. नोव्हेंबरात गवत वाळलं की त्याची कुसळं कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, कधी डोळ्यातही शिरतात आणि त्यांच्या बारीक काट्यांमुळे आतच सरकत राहतात. परदेशातल्या कुठल्याही मार्गदर्शकात मला याबद्दल पुरेसं सापडलं नाही आणि इथे पहिल्या वर्षीचे निम्मे दवाखान्याचे फेरे त्यापायीच झाले. वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत हंगामाआधी कापून घ्या. बोटांमधले केस आखूड ठेवा. चालून झाल्यावर प्रत्येक पंजा उघडून बघायचा, कान हुंगायचा. कुत्रा डोकं एका बाजूला कलवून झटकत असेल तर वाट न बघता दवाखाना.

बिबट्याचा विषय पाहुणे कुजबुजत काढतात, तुम्ही मोकळेपणाने काढा. पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावकडे तो उसाच्या शेतांत राहतो, पश्चिमेकडच्या डोंगरातही आहे आणि कुत्रा त्याचं आवडतं भक्ष्य आहे. म्हणून अंधारात निघायचं नाही, थंडी कितीही हवी असली तरी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. उजाडलं की पावणेसातला निघते. कुत्र्यांच्या रात्रीच्या खोल्या चारी बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद हव्यात. वरची जाळी विसरू नका. कड्यांवर आग्या मोहोळ असेल तर ती वाट बाद, आणि पाहुण्यांना अत्तर-डिओ न लावता यायला सांगा.

कागद

हे कंटाळवाणं आहे, पण आधी उरकावं लागतं. पैसे घेऊन लोकांना दाखवल्या जाणाऱ्या करमणुकीत प्राणी वापरला तर परफॉर्मिंग ॲनिमल्स रजिस्ट्रेशन रूल्स, २००१ लागू होतात आणि ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडे नोंदणी करावी लागते. तुमचा उपक्रम त्यात बसतो का, हे सुरू करण्याआधी वकिलाकडून लेखी घ्या. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार आजारी, जखमी किंवा वयामुळे अशक्त प्राण्याला कामाला लावणं हा गुन्हा आहे, हे तुमच्या सोबतच्या मुलांनाही माहीत हवं. कुत्री पुणे महापालिकेच्या हद्दीत राहत असतील तर प्रत्येकाचा परवाना काढा. रेबीजची लस दर वर्षी, डिस्टेंपर-पार्वो-लेप्टोची लस, जंतांचं औषध, गोचीडनाशक, यांची प्रत्येक कुत्र्याची वेगळी वही. पाहुण्याला ती मागता आली पाहिजे. मी तर चहासोबत समोर ठेवते. पाहुण्यांच्या अपघाताचा विमा आणि सही केलेलं संमतिपत्र, दोन्ही. संमतिपत्र मराठीतही असू द्या, कारण आजोबा वाचून सही करणार असतात.

दर कसा काढायचा

तेरा आठवडे म्हणजे शनिवार-रविवारच्या २६ सकाळी. उकाडा, ढग, अवकाळी यात पाचसहा जातात. उरल्या २०. गुणिले चार पाहुणे, ८०. आता तुमच्या सर्व कुत्र्यांचा बारा महिन्यांचा खर्च काढा. अन्न, औषधं, दवाखाना, सोबतच्या मुलांचा वर्षभराचा पगार, जागा. सर्व कुत्र्यांचा म्हणजे काम थांबलेल्यांचाही. माझी सहा कामाची, एक हस्की आणि एक म्हातारी राणी. त्या रकमेला ८० ने भागा. येईल तो आकडा बघून दचकायला होतं आणि मग पाहुण्यांची संख्या आठ करू, आठवड्याच्या मधल्या दिवशीही घेऊ, दुसरी बॅच नऊला काढू असे विचार येतात. नऊच्या बॅचला ऊन असतं. आठ पाहुण्यांना बारा कुत्री लागतात. दर तोच ठेवा, लोक येतात.

म्हाताऱ्या कुत्र्यांचा खर्च दरात का धरायचा, याचं उत्तर कॅनडात आहे. २०१० मध्ये ब्रिटिश कोलंबियात व्हिस्लरजवळ हिवाळी ऑलिंपिकची गर्दी ओसरल्यावर स्लेज डॉगच्या सहली विकणाऱ्या व्यवसायातली अनेक कुत्री मारून पुरली गेली. ते उघडकीला आल्यावर त्या प्रांताने स्लेज डॉगसाठी वेगळे नियम केले. मागणी पडली की कुत्र्यांची संख्या कमी करायची नाही, हे तुम्हाला पहिल्या कुत्र्याला घरी आणण्याआधी ठरवावं लागतं.

सकाळ रद्द झाली तर पूर्ण पैसे परत, किंवा दुसरी तारीख, निवड पाहुण्याची. हे बुकिंगच्या वेळीच फोनवर बोलून सांगा. लिहिलेलं कुणी वाचत नाही. "पहाटे साडेपाचला माझा मेसेज येईल, तोपर्यंत गाडी काढू नका," हे वाक्य मी प्रत्येकाला म्हणते. फोनवरच विचारायचं, कुत्र्याची भीती वाटते का, गुडघा-पाठ कशी आहे, गरोदरपण आहे का, दम्याचा त्रास आहे का. बारा वर्षांखालच्या मुलांना कमरेला पट्टा देत नाही, ते सोबतच्या माणसाचा हात धरून चालतात.

त्या सकाळी

कुत्र्यांना आदल्या संध्याकाळी सहाला पोटभर जेवण. सकाळी रिकाम्या पोटी काम, कारण भरल्या पोटाने ओढताना पोट फुगून पिळा बसण्याचा धोका असतो आणि त्यात कुत्रा काही तासांत जातो. मात्र पाणी हवं. नुसतं पाणी पहाटे कुत्रा पीत नाही, म्हणून पाच वाजता कोमट पाण्यात कोंबडीच्या पायांचं सूप मिसळून देते, मीठ-कांदा न घातलेलं. ही ट्रॉम्सोची शिकवण इथे जशीच्या तशी लागू पडली.

सव्वासहाला पाहुणे येतात. पहिली दहा मिनिटं कुत्र्यांपासून लांब, चहाबरोबर बोलणं. मग एकेकाने बाजूला उकिडवं बसायचं, हात पुढे करायचा नाही, कुत्र्याला यायचं तर येईल. कोण कुणाकडे जातं ते मी बघत असते आणि जोड्या तिथेच ठरतात. घाबरलेल्या माणसाला सर्वांत शांत कुत्रा द्यावा असं वाटतं, पण माझा अनुभव वेगळा आहे. शांत कुत्रा थांबून वास घेत राहतो आणि घाबरलेला माणूस अवघडतो. सरळ, एकलयीत ओढणारा कुत्रा दिला की दोनशे मीटरांत त्याचे खांदे खाली येतात.

हार्नेस दिसले की कुत्री भुंकायला, उड्या मारायला लागतात. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं की कुत्री त्रासली आहेत. 'हुप' म्हटलं की सगळा गलका एका क्षणात थांबतो आणि फक्त धापा आणि पावलं ऐकू येतात. पाहुणे घरी जाऊन याच क्षणाविषयी लिहितात. त्या पहिल्या शंभर मीटरांत तुम्ही काही बोलू नका.

पुढे एक सोबती, मागे एक, मी मध्ये. दर पंधरा मिनिटांनी थांबून पाणी, आणि जिभेकडे बघणं. दोन कुत्र्यांत दहा पावलांचं अंतर. पाहुण्याने खिशातून काही काढून भरवायचं नाही. लाडवातले मनुके, द्राक्षं, चॉकलेट यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं किंवा हृदय जाऊ शकतं. खिसे निघण्याआधीच रिकामे करून घेते.

कुत्रा तापला तर

लक्षणं वर तिखटच्या प्रसंगात लिहिली, त्यात घट्ट लाळ, ओकारी, झोकांड्या मिळवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश असतं, ४१ च्या वर जीवावर बेततं. लगेच हार्नेस काढा, सावलीत न्या आणि मिळेल त्या साध्या पाण्याने अंगभर भिजवत राहा, पोट, काखा, मांड्यांच्या आतली बाजू आधी. टोपीने, वहीने वारा घाला. ओलं टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. आधी गार करा, मग गाडीत घाला, आणि एसी लावून दवाखान्यात न्या, कुत्रा बरा वाटायला लागला तरी. दहा लिटर पाण्याचा कॅन वाटेच्या मध्यावर आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवायचा. गुदद्वाराने तापमान मोजणारा थर्मामीटर माझ्या कमरेच्या पाकिटात असतो.

कुत्रा पाहुण्याला चावला किंवा ओरखडला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवा. कुत्र्याची लस झालेली आहे, हे सांगून विषय मिटवू नका. फुरसं किंवा घोणस चावल्याचा संशय आला तर माणूस असो की कुत्रा, चालवायचं नाही, उचलून न्यायचं. कोणत्या दवाखान्यात प्रतिसर्पविष आहे याची चौकशी हंगामाच्या सुरुवातीला दोघांसाठीही करून ठेवा.

पाहुणे गेल्यावर

साडेआठपर्यंत परत आलेलं असावं. पाहुणे पिठलं-भाकरीला बसतात, तेवढ्यात कुत्र्यांचे पंजे, काखा, कान, दात-हिरड्या तपासून होतात. तासाभराने, धापा पूर्ण थांबल्यावर जेवण. शनिवारी ओढलेल्यांपैकी दोन कुत्री रविवारी राखीव.

वहीत प्रत्येक कुत्र्यापुढे एक ओळ लिहिते. पारा, अंतर, ओढ कशी होती, पाणी किती प्यायला, पंजे, शी. डिसेंबरात राणीच्या नावापुढे तीन रविवार ओळीने "चढावर मागे वळून बघत होती" असं आलं. लंगडत नव्हती, जेवत होती. डॉक्टरांनी मागचे सांधे दाबून बघितले आणि संधिवाताची सुरुवात असल्याचं सांगितलं. तेव्हापासून ती पाहुण्यांबरोबर पहिल्या दगडापर्यंत दोरीशिवाय येते आणि तिथून एका मुलासोबत परत फिरते.